पंखा फिरतोय म्हणजे प्लग बरोबर जोडलाय, असं नाही

इस्त्री तापते, पंखा फिरतो, मोबाइल चार्ज होतो. एवढं दिसलं की प्लग नीट बसवलाय असं आपण धरून चालतो. त्याच प्लगच्या आत अर्थची वायर कुठेच जोडलेली नसते, किंवा फेज-न्यूट्रल उलटे असतात, किंवा एखादा स्क्रू अर्धाच पिळलेला असतो. जोडणी चुकली आहे हे यंत्र चालण्यावरून कळत नाही, हाच तिचा खरा धोका. कळतं ते शॉक बसल्यावर, नाहीतर सॉकेट काळं पडल्यावर. म्हणून प्लग आणि एक्स्टेंशन बोर्ड कसा जोडायचा हे तर इथे सांगणारच आहे, पण जोडलेला नीट आहे की नाही हे वीज देण्याआधी कसं तपासायचं, त्यावर माझा जास्त भर आहे.

आधीच एक गोष्ट स्पष्ट करतो. इथे सांगितलेलं काम प्लगटॉप, लवचिक वायर आणि एक्स्टेंशन बोर्ड एवढ्यापुरतंच आहे, म्हणजे जे सॉकेटमधून काढून टेबलावर घेता येतं तेवढंच. भिंतीतलं सॉकेट, मेन बोर्ड आणि अर्थिंग ही परवानाधारक वायरमनची कामं आहेत, त्यांना स्वतः हात लावू नका. आणि प्लग उघडायचा तो पूर्ण बाहेर काढल्यावरच. नुसतं बटण बंद करून काम करायचं नाही. बटण न्यूट्रलवर असेल तर बंद केल्यावरही फेज आत हजर असतो.

तीन वायरींची तीन कामं

फेजमधून करंट येतो, न्यूट्रलमधून परत जातो. यंत्र चालायला या दोनच वायरी लागतात. तिसरी अर्थची वायर रोजच्या कामात काहीच करत नाही. ती यंत्राच्या धातूच्या अंगाला जोडलेली असते आणि वाट बघत असते. आतल्या फेजचं इन्सुलेशन झिजून तो अंगाला टेकला की करंटला अर्थमधून मोकळी वाट मिळते, एमसीबी (करंट फार वाढला की आपोआप बंद होणारा स्विच) पडतो किंवा फ्यूज उडतो आणि वीज बंद होते. अर्थ नसेल तर एमसीबीला काहीच कळत नाही. यंत्राचं अंग २३० व्होल्टवर राहतं आणि पहिला हात लागेपर्यंत सगळं आलबेल दिसतं.

तीन पिनांच्या प्लगमधली वरची पिन जाड आणि लांब असते ती याचसाठी. लांब असल्यामुळे प्लग खुपसताना अर्थ सगळ्यात आधी जोडली जाते आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटते. जाड असल्यामुळे ती चुकून फेजच्या किंवा न्यूट्रलच्या भोकात जाऊ शकत नाही. ही पिन कापून किंवा तासून दोन पिनांच्या सॉकेटमध्ये प्लग बसवणं म्हणजे या दोन्ही सोयींवर पाणी सोडणं. असा प्लग कुठे दिसला तर तो लगेच बदला.

माणसाला किती करंट पुरतो, याचा अंदाज बहुतेकांना नसतो. अर्धा मिलिअँपिअर करंट जाणवू लागतो. १० मिलिअँपिअरच्या आसपास स्नायू आकसतात आणि पकडलेली वस्तू सोडताच येत नाही. ३० मिलिअँपिअरच्या पुढे करंट काही काळ वाहत राहिला तर हृदयाची लय बिघडू शकते. ओल्या हातापायांनी शरीराचा रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, १,००० ओमच्या जवळपास येतो, म्हणजे २३० व्होल्टला २३० मिलिअँपिअर. आता १६ अँपिअरच्या एमसीबीकडे बघा. तो पडायला निदान १६,००० मिलिअँपिअर लागतात. एमसीबी वायर जळू नये म्हणून बसवलेला असतो. तो माणसाला वाचवेल या भरवशावर राहू नका.

कुठली चूक काय करते

सगळ्यात जास्त आढळणारी चूक म्हणजे अर्थ न जोडणं. जुना प्लग उघडला की हे दृश्य नेहमी दिसतं: हिरवी वायर मागे दुमडलेली, तिच्यावर काळ्या टेपचे दोन वेढे आणि अर्थचा स्क्रू कधीच न फिरवल्यासारखा चकचकीत. कधी ती मुळाशीच कापून टाकलेली असते, मग बाहेरून वायर तीन कोअरची वाटते आणि आत दोनच जोडलेल्या असतात. लोखंडी अंगाच्या कॉम्प्युटरला उलटा हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं होत असेल तर बहुधा हेच कारण असतं. अशा यंत्राच्या आत फिल्टर म्हणून लहान कपॅसिटर असतात. ते फेजकडून आणि न्यूट्रलकडून अर्थला जोडलेले असतात. अर्थ तुटली की अंग साधारण निम्म्या व्होल्टेजवर, म्हणजे ११५ च्या आसपास, तरंगत राहतं. त्या मुंग्यांतला करंट फार थोडा असतो, पण अर्थ नाही हे त्या तुम्हाला सांगत असतात. चप्पल घालून काम भागवू नका, प्लग उघडा.

फेज आणि न्यूट्रल उलटे झाले तरी यंत्र तसंच चालतं. फरक पडतो तो बंद केल्यावर. यंत्राचं बटण आता न्यूट्रल तोडतं आणि फेज आतपर्यंत पोचलेला राहतो. उघड्या कॉइलचा हीटर बटण बंद करून, गार झालाय म्हणून साफ करायला घेतला तर कॉइलवर पूर्ण २३० व्होल्ट असतात. टेबल लॅम्पला आट्यांचा होल्डर असेल तर बल्ब बदलताना बोटं जिथे टेकतात त्या आट्यांवरच फेज येतो. यंत्राच्या आतला फ्यूजही न्यूट्रलवर जातो, म्हणजे तो उडाला तरी यंत्रात वीज राहतेच.

फेज आणि अर्थ यांची अदलाबदल ही सगळ्यात घातक चूक. प्लग खुपसताक्षणी यंत्राचं अंग फेजवर जातं. त्यातही वाईट म्हणजे यंत्र चालत नाही, आणि चालत नाही म्हणून माणूस ते हातात घेऊन हलवून बघतो.

न्यूट्रल आणि अर्थ यांची अदलाबदल झाली तर यंत्र मजेत चालतं, पण रोजचा करंट अर्थमधून वाहायला लागतो. आरसीसीबी (करंट भलत्या वाटेने अर्थकडे गेला की वीज तोडणारा स्विच) असेल तर तो लगेच पडतो, आणि लोक त्यालाच दोष देऊन काढून टाकतात. तो नसेल तर चूक वर्षानुवर्षं तशीच राहते. मग ज्या दिवशी अर्थिंग कमकुवत होतं, त्या दिवशी त्याच अर्थवर असलेल्या बाकीच्या यंत्रांच्या अंगावरही व्होल्टेज चढतं. म्हणजे जिथे चूक झाली तिथेच शॉक बसेल असं नाही.

आणखी एक प्रकार मला फार खटकतो, कारण तो जाणूनबुजून केला जातो. घरात अर्थिंग नाही, म्हणून सॉकेटमध्ये किंवा एक्स्टेंशन बोर्डात न्यूट्रलपासून अर्थपर्यंत वायरचा एक तुकडा टाकायचा. साध्या टेस्टिंगला अर्थ 'आली' असं दिसतं. पण मागे कुठे न्यूट्रल तुटला, की चालू असलेल्या यंत्रातून आलेला फेज त्या तुकड्यावाटे धातूच्या अंगावर येतो. आणि कुठे फेज-न्यूट्रल उलटे झाले तर अंगावर थेट फेजच. अर्थिंग नसेल तर ते करून घ्यावं लागतं. बोर्डाच्या आत ते तयार होत नाही.

सैल स्क्रूची आग

शॉकपेक्षा आगीच्या दृष्टीने जास्त धोकादायक चूक म्हणजे लूज कनेक्शन. स्क्रूखाली वायर सैल असेल तर तिथे थोडा रोध तयार होतो. समजा तो फक्त ०.१ ओम आहे. रोधात होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे १६ अँपिअर वाहत असताना त्या एका बिंदूवर २५ वॅटपेक्षा जास्त उष्णता होते. साधी सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचीच असते. ती प्लास्टिकच्या डबीत बंद करून तासन्‌तास चालू ठेवली असं समजा. तापल्यामुळे पितळ काळवंडतं, काळवंडल्यामुळे रोध वाढतो आणि रोध वाढल्यामुळे आणखी तापतं. या सगळ्यात करंट जरासुद्धा वाढत नाही, त्यामुळे एमसीबी पडत नाही आणि आरसीसीबीही पडत नाही. ही बिघाडाची जागा ओळखणारं उपकरण घरात एकच असतं, आपलं नाक आणि डोळे.

जळू लागलेल्या प्लगचा किंवा सॉकेटचा वास कित्येकदा मासळीसारखा येतो. स्वयंपाक चालू नसताना असा वास आला तर सॉकेट शोधा. तीन भोकांपैकी एकाच भोकाभोवती तपकिरी वलय, एकच पिन काळपट किंवा निळसर पडलेली, प्लगजवळ वायर कडक होऊन तडकलेली, ही सगळी त्याच दुखण्याची लक्षणं. आणि लक्षात घ्या, एकदा तापलेल्या सॉकेटच्या आतली पितळी पकड ढिली होते. नवा प्लग आणून त्याच सॉकेटमध्ये खुपसला तर तोही जळतो. दोन्ही एकदमच बदलावे लागतात.

वायर आणि प्लग निवडताना

आधी भार बघा. यंत्रावर वॅट लिहिलेले असतात, त्यांना २३० ने भागलं की अँपिअर मिळतात. १,००० वॅटची इस्त्री सव्वाचार-साडेचार अँपिअर घेते, २,००० वॅटचा हीटर पावणेनऊच्या आसपास. लहान, ६ अँपिअरच्या प्लगची मर्यादा १,३८० वॅट आणि मोठ्या, १६ अँपिअरच्या प्लगची ३,६८० वॅट. गीझर, हीटर, एसी, मोठा ओव्हन हे सगळं १६ अँपिअरच्या सॉकेटवरच. मोठा प्लग लहान सॉकेटमध्ये बसवून देणारा कन्व्हर्टर मिळतो, पण त्याने फक्त पिना बसतात. मागची वायर जेवढी बारीक होती तेवढीच राहते.

लवचिक तांब्याच्या वायरीसाठी ढोबळ हिशोब असा: ०.७५ चौरस मिलिमीटरची ६ अँपिअरपर्यंत, १ ची १० पर्यंत, दीडची १६ पर्यंत. सलग तासन्‌तास चालणारं किंवा लांबच्या वायरीवरचं मोठं यंत्र असेल तर मी दीडवर न थांबता अडीचची वायर घेईन. वायर घेताना बाहेरचं जाड आवरण बघून फसू नका. आत तांबं किती आहे ते टोक सोलून बघा, आणि आवरणावर छापलेला आकार आणि मानक वाचा. भारतात प्लग-सॉकेटसाठी आयएस १२९३ आणि वायरीसाठी आयएस ६९४ हे मानक आहे. काहीच छापलेलं नसेल तर ती वायर घेऊ नका.

रंगांचं बोलायचं तर, आजच्या लवचिक वायरीत तपकिरी म्हणजे फेज, निळा म्हणजे न्यूट्रल आणि हिरवा-पिवळा पट्टा म्हणजे अर्थ. जुन्या भारतीय वायरीत लाल फेज, काळा न्यूट्रल, हिरवा अर्थ. अमेरिकेतल्या यंत्राच्या वायरीत मात्र काळा फेज असतो, पांढरा न्यूट्रल आणि हिरवा अर्थ. काळ्याचा अर्थ देशाप्रमाणे बदलतो, म्हणून बाहेरून आलेल्या यंत्राचा प्लग बदलताना रंगावर विसंबू नका, मीटरने खात्री करा. दुरुस्त केलेल्या वायरीत तर कुठलाही रंग कुठेही जोडलेला असू शकतो.

प्लग जोडायची पद्धत

वायर कापण्याआधी प्लगची टोपी, रबरी बुश असं जे वायरीतून ओवायचं असतं ते ओवून घ्या. सगळं जोडून झाल्यावर टोपी बाहेरच राहिली की घाई होते, आणि दुसऱ्यांदा जोडताना तारा तुटतात.

बाहेरचं आवरण साधारण चार-पाच सेंटिमीटर सोला. ब्लेड गोल फिरवताना आतल्या रंगीत वायरींवर चरा पडता कामा नये. सोलल्यावर प्रत्येक वायर वाकवून बघा. चरा असेल तर वाकवल्यावर तो उघडतो आणि तांबं दिसतं. दिसलं तर तेवढं टोक कापून टाका आणि पुन्हा सोला. टेप लावून पुढे जाऊ नका.

आता टर्मिनल, म्हणजे वायर स्क्रूने आवळायच्या जागा, ओळखा. प्लगच्या आत एल, एन आणि ई ही इंग्रजी अक्षरं उठवलेली असतात: एल फेज, एन न्यूट्रल, ई अर्थ. अक्षरं पुसट असतील तर प्लग असा धरा की अर्थची जाड पिन वर आणि पिनांची टोकं तुमच्यापासून लांब, भिंतीकडे. या स्थितीत उजवीकडे फेज आणि डावीकडे न्यूट्रल. समोरून बघितलेल्या सॉकेटमध्येही तसंच असतं. पिना तुमच्याकडे वळवल्या की डावं-उजवं उलटतं. फेज-न्यूट्रल उलटे होण्याच्या कितीतरी चुका इथेच होतात, कारण माणूस प्लग पिनांच्या बाजूने धरून 'उजवीकडे फेज' म्हणत जोडत जातो.

तिन्ही वायरी टर्मिनलपर्यंत नेऊन लांबी ठरवा. अर्थची वायर बाकी दोघींपेक्षा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर लांब ठेवा, आत थोडी वळवून बसवा. कधी जोराने ओढलं जाऊन वायर निसटलीच तर फेज आधी सुटावा आणि अर्थ सगळ्यात शेवटी. प्लगमधला हा दुसरा विमा आहे आणि त्याला काहीच खर्च येत नाही.

टोकं सहा ते आठ मिलिमीटर सोला, तारा एकाच दिशेला घट्ट पिळा. वायर बारीक आणि भोक मोठं असेल तर टोक दुमडून दुहेरी करा. स्क्रूभोवती गुंडाळायचं असेल तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, म्हणजे स्क्रू आवळताना तारा आत ओढल्या जातात. उलट्या दिशेने गुंडाळल्या तर त्याच बाहेर निसटतात. टोकाला झाळ लावून कडक करायची सवय काहींना असते, ती सोडा. झाळेचं मिश्रधातू मऊ असतं, दाबाखाली हळूहळू पसरतं, आणि काही महिन्यांत स्क्रू आपोआप सैल होतो. हवं तर टोकाला लग, म्हणजे धातूची छोटी टोपी, पकडीने दाबून (क्रिंप करून) लावा.

स्क्रू तांब्यावर बसला पाहिजे, प्लास्टिकवर नाही. इन्सुलेशन स्क्रूखाली दबलं तर हाताला घट्ट लागतं, पण आत संपर्क नसतो. पलीकडे, टर्मिनलच्या बाहेर दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त उघडं तांबंही नको. एकही सुटा तंतू बाहेर राहू देऊ नका. केसाएवढी ती तार शेजारच्या टर्मिनलला टेकली तर स्पार्क होतो, आणि मागे अर्थिंग नसताना फेजची तार अर्थच्या टर्मिनलला टेकली तर यंत्राचं अंगच फेजवर जातं. प्रत्येक स्क्रू आवळला की ती वायर बोटांनी चांगली ओढून बघा.

शेवटी कॉर्ड ग्रिप, म्हणजे वायर दाबून धरणारी पट्टी. तिच्याखाली बाहेरचं जाड आवरण आलं पाहिजे. आतल्या रंगीत वायरीच तिच्याखाली दिसत असतील तर तुम्ही आवरण जास्त सोललंय, पुन्हा करा. ही पट्टी न लावणं किंवा तिचे स्क्रू हरवले म्हणून सोडून देणं फार चालतं, आणि मग प्रत्येक हिसका थेट टर्मिनलवर बसतो.

एक्स्टेंशन बोर्डाची वेगळी दुखणी

बोर्डावर तीन-तीन भोकांची चार सॉकेट आणि त्याला दोनच कोअरची वायर, असे बोर्ड सर्रास दिसतात. वरचं भोक नुसतं भोक असतं, त्यामागे काहीही नसतं. विकत घेण्याआधी वायरीच्या टोकाचा प्लग बघा. त्याला दोनच पिना असतील तर अर्थ नाहीच. पण तीन पिना आहेत म्हणून अर्थ आहे असंही नाही. प्लगला पिन असते, बोर्डात भोक असतं, आणि मधली वायर दोन कोअरची असते. बोर्डाचा लाल दिवा फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये असतो. तो लागला म्हणजे अर्थ आहे, असं समजू नका.

लांबीचा हिशोब करून दाखवतो. ०.७५ ची २० मीटर वायर घेतली तर जाऊन-येऊन ४० मीटर तांबं होतं आणि त्याचा रोध जवळपास एक ओम भरतो. तिच्यावर २,००० वॅटचा हीटर लावला तर वायरीतच सुमारे ७० वॅट उष्णता होते. वायर मोकळी पसरली असेल तरी ती आपल्या मर्यादेपलीकडे आहे. आणि तीच वायर वेटोळं करून कोपऱ्यात ठेवली किंवा रीलवर गुंडाळलेलीच ठेवली, तर ते ७० वॅट एका गठ्ठ्यात कोंडतात. आतले वेढे मऊ होतात, एकमेकांना चिकटतात आणि आतल्या आत शॉर्ट होतात. रीलवर बहुतेक वेळा दोन आकडे छापलेले असतात, गुंडाळलेली असताना किती वॅट आणि पूर्ण उलगडल्यावर किती. गुंडाळलेलीचा आकडा पुष्कळच कमी असतो. जड काम असेल तर रील शेवटपर्यंत सोडा.

एका बोर्डात दुसरा बोर्ड लावू नका. भिंतीजवळच्या पहिल्या प्लगवर सगळ्यांचा मिळून भार येतो, आणि प्रत्येक जोडाबरोबर सैल होण्याची एक जागा वाढते. गालिच्याखालून, दाराच्या फटीतून, खिडकीच्या सरकत्या काचेखालून वायर नेऊ नका. रोजच्या दाबाने आतले तंतू एकेक करून तुटतात, बाहेरून वायर धडधाकट दिसते. फ्रिज, गीझर, एसी यांना एक्स्टेंशन हा उपायच नव्हे. तिथे नवं सॉकेट काढून घ्या.

कुठल्याही प्रकारचा प्लग घेणारी जी युनिव्हर्सल सॉकेट असतात, त्यांची पकड पिनेवर नीट बसत नाही. चार्जरपुरती ती चालतील, इस्त्रीसाठी नाही.

वीज देण्याआधीची तपासणी

निऑनचा टेस्टर फेज कुठे आहे तेवढंच सांगतो. अर्थ जोडलेली आहे का, न्यूट्रल सलग आहे का, हे तो सांगू शकत नाही. यासाठी साधा डिजिटल मल्टिमीटर लागतो, आणि ही तपासणी बोर्ड सॉकेटमधून काढून, टेबलावर ठेवून करायची आहे.

मीटर २०० ओमच्या रेंजवर ठेवा. नुसत्या 'बीप'वर जाऊ नका, कारण बऱ्याच मीटरची बीप ३०-४० ओमलाही वाजते आणि इतका रोध अर्थच्या वायरीत म्हणजे ती निकामीच. आधी दोन प्रोब एकमेकांना टेकवून मीटरच्या वायरींचा आकडा बघा, तो पुढच्या आकड्यातून वजा करायचा.

बोर्डाची सगळी बटणं चालू करा. प्लगची जाड पिन आणि पहिल्या सॉकेटचं वरचं भोक, मग दुसऱ्याचं, मग तिसऱ्याचं. प्रत्येक वेळी एक ओमपेक्षा कमी यायला हवं. आता प्लगच्या पिना तुमच्याकडे आणि जाड पिन वर अशी धरली की डावी पिन फेजची, आणि तिचा संबंध सॉकेटच्या उजव्या भोकाशी यायला हवा. उजवी पिन न्यूट्रलची, ती डाव्या भोकाशी. हे मापन चालू असताना कुणाला तरी वायर प्लगजवळ आणि बोर्डाजवळ वाकवायला, हलवायला सांगा. आकडा उड्या मारत असेल तर आत वायर तुटलेली आहे.

त्यानंतर पिनांच्या आपसातल्या जोड्या बघा. फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ यांच्यामध्ये काहीच संबंध दिसता कामा नये, मीटर 'मोकळं' दाखवायला हवं. वर सांगितलेला न्यूट्रल-अर्थचा छुपा तुकडा इथे लगेच पकडला जातो. फेज-न्यूट्रलमध्ये, बोर्डाला दिवा किंवा यूएसबी असेल तर मोठा आकडा दिसू शकतो. शून्याजवळचा आला तर शॉर्ट आहे, प्लग सॉकेटजवळही नेऊ नका.

सॉकेटच्या भोकांना आतून झडप असेल तर प्रोब जात नाही. अशा वेळी एक रिकामा तीन पिनांचा प्लगटॉप टोपी काढून सॉकेटमध्ये बसवा आणि त्याच्या टर्मिनलवर मोजा. काम झालं की तो लगेच काढून ठेवा, बोर्ड चालू असताना उघडा प्लगटॉप आत राहता कामा नये.

यंत्राचीही अशीच तपासणी करा. त्याच्या प्लगची जाड पिन आणि रंग नसलेला धातूचा भाग, उदाहरणार्थ अंगावरचा एखादा स्क्रू, यांच्यात एक ओमपेक्षा कमी. चौकोनात चौकोन अशी खूण असलेल्या यंत्रांना मात्र अर्थ लागत नाही. त्यांचं इन्सुलेशन दुहेरी असतं आणि त्यांना दोन पिनांचा प्लग असणं योग्यच आहे.

सगळं जुळल्यावर बोर्ड लावा, त्यावर नेहमीचा भार दहा-पंधरा मिनिटं चालवा, मग बंद करून प्लग काढा आणि पिनांना हात लावा. कोमट ठीक. बोट ठेववत नसेल तर कुठेतरी सैल आहे.

आरसीसीबी का हवा

एवढी काळजी घेऊनही भिंतीमागचं अर्थिंग कसं आहे हे प्लगवरून कळत नाही. अर्थिंगचा रोध १० ओम आहे असं धरा. फेज अंगाला टेकला तर अर्थमधून २३ अँपिअर वाहतात. १६ अँपिअरचा एमसीबी २३ ला पडायला कित्येक मिनिटं घेतो, आणि तेवढा वेळ अंगावर धोक्याचं व्होल्टेज असतं. आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला करंट एकमेकांशी ताडून बघतो, आणि ३० मिलिअँपिअरचा फरक पडला तरी सेकंदाच्या काही दशांशांत वीज तोडतो. त्यावरचं 'टेस्ट' बटण महिन्यातून एकदा दाबा. दाबल्यावर पडला नाही तर तो बदला. दोन हातांत फेज आणि न्यूट्रल आले आणि करंट जमिनीकडे गेलाच नाही तर मात्र त्याला फरक दिसत नाही, हे ध्यानात असू द्या.

आरसीसीबी वारंवार पडत असेल तर एकेक प्लग काढत जा. ज्याच्यानंतर पडणं थांबतं तो प्लग किंवा ते यंत्र तपासा. त्याला बायपास करू नका.

कुणाला शॉक बसलाच तर

माणसाला धरू नका. आधी मेन स्विच बंद करा किंवा, हाताशी असेल आणि सुरक्षितपणे जमत असेल तर, प्लग ओढा. तेही शक्य नसेल तर कोरड्या जागी उभं राहून कोरड्या लाकडी किंवा प्लास्टिकच्या वस्तूने वायर दूर सारा. श्वास थांबला असेल तर आपत्कालीन मदत बोलवा आणि छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या वेगाने, सुमारे ५ सेंटिमीटर खोल दाब देत राहा. जोरदार झटका बसून माणूस उठून बसला तरी त्याला डॉक्टरकडे न्या, हृदयाची लय नंतरही बिघडू शकते. बोर्डाने पेट घेतला तर वीज तोडल्याशिवाय पाणी मारू नका.

ज्या वस्तू घरात राहता कामा नयेत

दोन्ही टोकांना प्लग असलेली वायर. वीज गेल्यावर जनरेटर किंवा इन्व्हर्टरमधून सॉकेटवाटे घराला वीज द्यायला काही जण ती बनवतात. एक टोक लावलं की दुसऱ्या टोकाच्या उघड्या पिना थेट २३० व्होल्टवर असतात. शिवाय ती वीज मागे रस्त्यावरच्या लाइनवर जाते, जिथे खांबावर वायरमन लाइन बंद आहे असं समजून काम करत असतो. जनरेटरसाठी चेंजओव्हर स्विच असतो, तो एका वेळी लाइन किंवा जनरेटर यांपैकी एकच घराला जोडतो. तोच बसवून घ्या.

टेपने जोड दिलेली एक्स्टेंशन वायर, पिन हलणारा प्लग, तडा गेलेला बोर्ड, एकदा जळका वास येऊन गेलेलं काहीही. आणि यंत्रापासून कापून काढलेला, वायरीचा वीतभर तुकडा लोंबणारा प्लग. मुलांना तो खेळणं वाटतो, आणि सॉकेटमध्ये गेला की त्या तुकड्याच्या उघड्या टोकाला फेज येतो. टाकून देण्याआधी वायर प्लगच्या अगदी मुळाशी कापा आणि पिना पकडीने वाकवा, म्हणजे तो पुन्हा कुणाच्या सॉकेटमध्ये जाणार नाही.